ओठांची भाषा आणि हातांची भाषा

भाईंदर स्थानकावर संध्याकाळच्या वेळी थोडे थांबून पाहिले, तर एक दृश्य बहुधा नजरेस पडते. चर्चगेटकडून आलेली गाडी थांबते, माणसांचा लोंढा जिन्याकडे धावतो, आणि अपंगांच्या डब्यातून उतरलेली चार-पाच मंडळी मात्र फलाटावरच घोळका करून उभी राहतात. तोंडातून शब्द नाही. हात मात्र भरभर चालू आहेत. कोणी दुसऱ्याच्या दंडाला हात लावून त्याचे लक्ष वेधतो, कोणी खळखळून हसतो, कोणी खिडकीत बसलेल्या मित्राशी चाललेले संभाषण गाडी वेग घेईपर्यंत पुरे करून घेतो. आपण त्या खडखडाटात शेजाऱ्याशीही ओरडून बोलतो. ह्यांना समोरच्या फलाटावरचा माणूसही दूर नसतो.

बाजूने जाणारे क्षणभर पाहतात, 'मुके आहेत बिचारे' असे म्हणतात आणि रिक्षाच्या रांगेकडे वळतात. त्या घोळक्यापासून चार पावलांवर कधी कधी आणखी एक माणूस उभा असतो. त्याच्या कानामागेही यंत्र आहे. तोही कर्णबधिरच आहे. पण त्याचे हात खिशात आहेत. तो समोरच्याचे ओठ वाचतो, जमेल तसे तोंडाने बोलतो, आणि खुणा करणाऱ्यांत आपली गणना होऊ नये अशी त्याची इच्छा असते. त्या चार पावलांचे अंतर सुमारे अडीचशे वर्षांचे आहे. ते कसे पडले हे सांगावयाचा येथे विचार आहे.

प्रथम मूळ गोष्ट. जे मूल जन्मतः किंवा बोलू लागण्याआधी बहिरे झाले, त्याचा गळा, जीभ, ओठ बहुतेक वेळा शाबूत असतात. आपण बोलावयास शिकतो ते ऐकून. आई, आजी, शेजारीण, फेरीवाला ह्यांचे बोलणे पाळण्यापासून कानांवर पडत असते म्हणून. ते ज्याच्या कानांवर पडलेच नाही त्याची वाणी आपोआप फुटत नाही, इतकेच. म्हणून 'मूकबधिर' हा जुना शब्द मागे पडून 'कर्णबधिर' हा शब्द रूढ झाला, आणि तो योग्यच आहे. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख ७१ हजार माणसांची नोंद भारतात झाली. त्यांत उतारवयात कान गेलेले पुष्कळ. त्यांच्यापाशी भाषा आधीच असते. खरा प्रश्न आहे तो अजून भाषाच न मिळालेल्या मुलाचा. अमेरिकेतील पाहण्यांत असे आढळले आहे की, अशा दहा मुलांपैकी नऊहून अधिक मुलांचे आईबाप ऐकू येणारे असतात. म्हणजे घरात कोणालाच ह्या गोष्टीचा पूर्वानुभव नसतो, आणि निर्णय मात्र त्यांनाच, तोही घाईने, घ्यावयाचा असतो.

त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या जातात. पहिली वाट वाणीची. शिक्षिका मुलाला आरशासमोर बसवते. त्याचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवून घशातील कंप त्याला जाणवून देते. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'प' म्हणते, पट्टी हलते. 'म' म्हणताना त्याचे बोट आपल्या नाकपुडीवर ठेवते. असा एकेक वर्ण, महिनोन्‌महिने. एक 'क' येण्यासाठी महिना खर्ची घालणाऱ्या शिक्षिका आम्ही पाहिल्या आहेत, आणि तो आला त्या दिवशी शाळेत पेढे वाटणाऱ्या आयाही पाहिल्या आहेत. ह्या श्रमांची टवाळी कोणी करू नये.

पण बोलणे ही अर्धी बाजू झाली. दुसऱ्याचे बोलणे समजणे ही उरलेली अर्धी. त्यासाठी ओठ वाचावे लागतात. वाचकांनी घरी आरशासमोर आवाज न करता तीन शब्द म्हणून पाहावेत : बाळ, माळ, पाळ. तिन्ही वेळा ओठ अगदी एकसारखे मिटतात आणि उघडतात. 'क' आणि 'ग' तर ओठांवर येतच नाहीत, ते मागे घशाशीच होतात. तेव्हा ओठ वाचणारा माणूस आपण छापील ओळ वाचतो तसे वाचत नसतो; दिसलेल्या थोड्यावरून न दिसलेल्या पुष्कळाचा तर्क करीत असतो. हा तर्क करावयास आधी भाषा येत असावी लागते. मोठेपणी बहिऱ्या झालेल्या माणसाला ती येत असते. ज्या मुलाला भाषा शिकवावयाची आहे त्याला ती ओठांवरूनच शिक असे सांगणे म्हणजे अर्धी अक्षरे पुसलेल्या पुस्तकावरून मुळाक्षरे गिरवावयास लावण्यासारखे आहे. काही मुले त्यातूनही शिकतात. ज्यांना थोडे ऐकू येते आणि ज्यांचे श्रवणयंत्र लवकर बसले ती बरीच पुढे जातात. पण सगळी नव्हेत.

दुसरी वाट हातांची. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. खुणांची भाषा म्हणजे आपण परगावी हातवारे करून पाण्याचा नळ विचारतो, तसला प्रकार नव्हे. भारतीय खुणांच्या भाषेत स्त्रीची खूण नाकाच्या बाजूला, जेथे चमकी घालतात तेथे बोट लावून होते, आणि पुरुषाची मिशीवरून. असे शब्द चित्रासारखे वाटतात खरे. परंतु भाषा केवळ शब्दांनी होत नाही, ती होते त्यांच्या बांधणीने. प्रश्नाचा शब्द ह्या भाषेत वाक्याच्या शेवटी येतो : 'तू राहणे कुठे'. नकारही शेवटी येतो. 'देणे' ह्या खुणेत हात देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो, आणि त्या एका हालचालीत कर्ता आणि ज्याला दिले तो, दोघेही सांगून होतात. मराठीला त्यासाठी विभक्तीचे प्रत्यय लागतात. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. आणि ही भाषा जगभर एक नाही. अमेरिकन खुणा वेगळ्या, ब्रिटिश वेगळ्या, आपल्या वेगळ्या. फक्त इंग्रजी अक्षरे बोटांवर दाखविण्याची आपली दोन हातांची रीत ब्रिटिश वळणाची आहे. अमेरिकेत विल्यम स्टोको ह्या प्राध्यापकाने १९६० साली आपला निबंध प्रसिद्ध करून खुणांनाही भाषेसारखी घडण असते हे दाखविले, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनाही ते प्रथम पटले नव्हते.

आता भांडणाचा इतिहास. पॅरिसमध्ये १७६० च्या सुमारास आबे द लेपे ह्या धर्मोपदेशकाने कर्णबधिर मुलांना खुणांच्या आधाराने शिकविण्यास आरंभ केला. लाइप्झिगमध्ये १७७८ साली सामुएल हायनिके ह्याने शाळा काढली ती वाणीवर भर देणारी. दोघांत पत्रांतून वाद झाला, तो झुरिकच्या विद्वानांपुढे गेला, आणि त्यांनी कौल लेपेच्या बाजूने दिला. पुढे शंभर वर्षे दोन्ही पद्धती नांदल्या. पॅरिसच्या शाळेतला लॉराँ क्लेर हा कर्णबधिर शिक्षक १८१६ साली अमेरिकेस गेला आणि दुसऱ्याच वर्षी हार्टफर्डची शाळा उघडण्यात त्याने भाग घेतला. कर्णबधिर माणूस कर्णबधिरांचा गुरू होऊ शकत होता.

१८८० च्या सप्टेंबरात इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि सारे पालटले. १६४ प्रतिनिधींत स्वतः कर्णबधिर असलेला गृहस्थ एकच होता. १६० विरुद्ध ४ अशा मतांनी ठरले की, वाणी ही खुणांहून निर्विवाद श्रेष्ठ आहे, म्हणून शिक्षणात शुद्ध तोंडी पद्धतच वापरावी. ठरावाचा परिणाम दूरवर झाला. वर्गात हात उचलणे हा अपराध ठरला. मुलांना हात मांडीखाली घेऊन बसविण्यात येऊ लागले. कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, कारण ज्याला ऐकू येत नाही तो वाणी कशी शिकविणार? टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्याच पक्षाचा. त्याची आई कर्णबधिर, पत्नीही कर्णबधिर. आणि कर्णबधिरांनी आपसात लग्ने करू नयेत असे प्रतिपादन करणारा निबंध त्याने १८८३ साली वाचला.

भारताच्या वाट्याला हा प्रश्न आला तो ह्या वाऱ्याबरोबरच. बिशप लिओ म्युरिन ह्यांच्या पुढाकाराने माझगाव येथे कर्णबधिरांसाठी शाळा निघाली, ती १८८५ च्या सुमारास, म्हणजे मिलाननंतर पाचेक वर्षांनी. देशातली ती ह्या प्रकारची पहिली शाळा मानली जाते. त्यानंतरच्या बहुतेक शाळाही तोंडी पद्धतीच्याच निघाल्या. मुंबईत, पुण्यात, नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या मुले आरशासमोर 'प' आणि 'म' गिरवीत राहिली, आणि मधल्या सुटीत मैदानाच्या कोपऱ्यात, शिक्षकांची पाठ वळताच, हातांनी बोलत राहिली. मोठ्या मुलांकडून लहानांकडे खुणा गेल्या. पुस्तक नाही, शिक्षक नाही, परीक्षा नाही, आणि तरी भाषा टिकली.

ती आहे हेच कोणास ठाऊक नव्हते. मदन वसिष्ठ हे वयाच्या अकराव्या वर्षी बहिरे झालेले, पुढे अमेरिकेत जाऊन शिकलेले गृहस्थ. त्यांनी जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन ह्यांच्याबरोबर १९७० च्या दशकात भारतातील शाळांना प्रश्नावली पाठविली. बहुतेकांचे उत्तर आले की, आमच्याकडे खुणांची भाषा अशी काही नाही. मुले आपसात हातवारे करतात, तेवढेच. मग ह्या मंडळींनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोर येथे प्रत्यक्ष खुणा टिपून घेतल्या, आणि शब्दांत फरक असला तरी चारही ठिकाणची भाषा मुळात एक आहे असे त्यांना दिसून आले. देशात इतक्या भाषांचे इतके तंटे, आणि ही एक भाषा कोणी न शिकविता दिल्लीपासून बंगलोरपर्यंत पोहोचलेली! आम्हांस तरी ह्याचे मोठे नवल वाटते.

मीरा-भाईंदरात हा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड होतो. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेले हे शहर. २०११ च्या गणतीत लोकसंख्या ८ लाखांवर गेलेली. मिठागरे आणि कोळीवाडे हे मूळचे. बाकीचे आम्ही सारे कोठून कोठून आलेलो. एकाच मजल्यावर मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू बोलली जाते. ऐकू येणारे मूल जिन्यात खेळता खेळता तीन भाषा उचलते. कर्णबधिर मुलासाठी मात्र तोंडी पद्धतीचा पहिला उपदेश असतो : घरात एकच भाषा ठेवा. कायद्यानेही हे ओळखले होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात कर्णबधिर विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमात एकच भाषा घेता यावी अशी तरतूद होती. सवलत म्हणून ती ठीकच. पण जे मूल एका भाषेत बंद झाले त्याला गुजराती शेजारणीचे ओठ आणि हिंदी रिक्षावाल्याचे ओठ मुकेच राहतात, ही तिची दुसरी बाजू.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब मीरा रोडला राहते. त्यांची धाकटी मुलगी जन्मतः कर्णबधिर. अडीचाव्या वर्षी निदान झाले आणि आई तिला घेऊन रोज लोकलने मुंबईतल्या एका शाळेत जाऊ लागली. शाळा सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसावे आणि परत यावे, असे सात वर्षे. सांगण्यात आले होते की, घरात खुणा बिलकुल करू नका. मुलीला सोपी वाट सापडली तर ती बोलण्याचे कष्ट घेणार नाही. आईने ते तंतोतंत पाळले. आजीला मात्र ते जमले नाही. जेवणाची, देवळाची, अंघोळीची, पावसाची अशा वीसपंचवीस खुणा तिने नातीशी मिळून बनविल्या होत्या, आणि सुनेची चाहूल लागली की दोघी हात पदराखाली घेत.

मुलगी आठ वर्षांची असताना आजोबा वारले. तिला हे सांगावयाचे कसे? आई तिच्यासमोर बसून ओठ नीट हलवून म्हणाली, 'आजोबा गावाला गेले.' पोरीने ते अचूक वाचले. त्यानंतर कित्येक रविवार ती सकाळी उठून आपली पिशवी भरून दाराशी बसत असे. गावाला जावयाचे म्हणून. कोणी तिला काही सांगू शकले नाही. आजीच्या वीसपंचवीस खुणांत मरणाची खूण नव्हती. ती चौदा वर्षांची झाली आणि एकटी गाडीने जाऊ लागली, तेव्हा अपंगांच्या डब्यात तिला मोठ्या मुली भेटल्या. सहा महिन्यांत ती हातांनी घडाघडा बोलू लागली. आजोबा म्हणजे काय झाले हे तिला गोरेगाव आणि मालाड ह्यांच्या दरम्यान कळले. घरी येऊन ती दोन दिवस जेवली नाही. दुःखापेक्षा राग अधिक होता.

ह्या डब्याची गोष्ट एकट्या ह्या मुलीची नाही. ॲनेलीस कस्टर्स ह्या बेल्जियमच्या, स्वतः कर्णबधिर असलेल्या संशोधिकेने मुंबईच्या लोकलमधील ह्याच डब्यांचा अभ्यास करून २००९ साली निबंध प्रसिद्ध केला. कर्णबधिर मंडळी ठरावीक गाड्या धरतात, भेटीसाठी आपले स्थानक सोडून पुढे जातात, नोकरीच्या आणि लग्नाच्या बातम्या तेथेच पसरतात, असे त्यांनी नोंदविले आहे. ज्यांना शाळेने भाषा दिली नाही त्यांना ती पश्चिम रेल्वेच्या डब्यात मिळाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे.

इतके वाचून कोणास वाटेल की प्रश्न सुटला, खुणांचा पक्ष खरा. कर्णबधिरांना विचारले तर ते इतके सरळ नाही. बेलची पत्नी मेबल उत्तम ओठ वाचीत असे आणि तिला खुणा करणाऱ्यांच्या संगतीची ओढ कधी वाटली नाही. उलट जॉर्ज वेडिट्झ हा अमेरिकन कर्णबधिरांचा पुढारी. आपली भाषा शाळांतून नष्ट होते आहे हे पाहून त्याने १९१३ साली चलच्चित्रावर खुणांतून भाषण टिपून ठेवले, पुढच्या पिढ्यांसाठी. दोघेही कर्णबधिर, दोघेही प्रामाणिक.

असा वाद आम्ही स्वतःच्या घरात पाहिला आहे. वर सांगितलेली मुलगी आता तिशीत आहे, एका कचेरीत काम करते. एका रविवारी ती आमच्याकडे आली होती आणि योगायोगाने आमचे एक वयस्क स्नेहीही आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, लहानपणापासून कर्णबधिर, तोंडी पद्धतीत वाढलेले. त्यांचे बोलणे थोडे सपाट वाटते, पण समजते. तिने हात उचलताच त्यांनी मान फिरविली. मग कागद पुढे आला आणि दोन तास तो चालला. त्यांनी लिहिले, 'मी बोलू शकलो म्हणून मला बँकेत घेतले. खुणा करणारी पोरे आपसातच राहतात. जग बोलणाऱ्यांचे आहे.' तिने लिहिले, 'काका, बँकेच्या मीटिंगमध्ये तुम्हांला किती समजायचे?' त्यांनी बराच वेळ पेन हातात धरले आणि लिहिले, 'तीनातले एक. बाकी घरी येऊन दुसऱ्या दिवशीच्या इतिवृत्तात वाचत असे.' तिने लिहिले, 'आम्ही चौघी बसतो तेव्हा मला चारातले चार समजते.' त्यावर त्यांचे उत्तर : 'पण त्या चौघीच. माझ्या नातवाशी मी बोलतो. तू तुझ्या भाच्याशी काय करतेस?' ह्यावर तिच्यापाशी उत्तर नव्हते. भाचा पाच वर्षांचा, त्याला खुणा कोणी शिकविल्या नव्हत्या.

ह्या कागदावरच्या वादात आम्हांस असे दिसले की, दोघांचीही तक्रार एकाच गोष्टीची होती. त्यांना सभेत एकटे बसावे लागले, तिला घरात. वाद वाणी आणि खुणा ह्यांचा म्हणून मांडला जातो. पण मुलाच्या पहिल्या चारपाच वर्षांत कोणती तरी एक भाषा पुरती, अडथळ्याविना, त्याच्यापर्यंत पोहोचली की नाही, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. १९६६ साली स्टकलेस आणि बर्च ह्यांनी अमेरिकेत कर्णबधिर मुलांची तुलना केली. ज्यांना घरात लहानपणापासून खुणा मिळाल्या त्यांचे वाचन आणि लेखन सरस निघाले, आणि बोलण्यात ती मुले मागे पडलेली आढळली नाहीत. म्हणजे 'सोपी वाट सापडली तर बोलणार नाही' ही भीती ह्या पाहणीत तरी खोटी ठरली. इंग्लंडमध्ये रूबेन कॉनरॅड ह्याने शाळा सोडणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या कर्णबधिर मुलांची परीक्षा घेऊन १९७९ साली निष्कर्ष छापले. त्या मुलांची मध्यम वाचनपातळी नऊ वर्षांच्या मुलाइतकी निघाली. त्यांतली बहुसंख्य मुले तोंडी पद्धतीत वाढलेली होती.

आपल्या देशात हा वाद अलीकडे थेट सरकारदरबारी गेला. वांद्रे येथे १९८३ साली अली यावर जंग ह्यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. श्रवण, वाणी आणि कर्णबधिरांचे शिक्षण हे तिचे क्षेत्र, आणि खुणांच्या भाषेचे वर्गही तेथे चालले. पुढे खुणांच्या भाषेसाठी स्वतंत्र केंद्र असावे असे ठरून ते २०११ साली दिल्लीत इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात निघाले आणि २०१३ साली बंद पडले. २०१५ च्या एप्रिलात निर्णय झाला की, हे केंद्र वांद्र्याच्या संस्थेच्या दिल्ली शाखेत सामील करावे. कागदावर पाहता ह्यात वावगे काय? पण कर्णबधिर मंडळी विरोधास उभी राहिली. श्रवणाची संस्था आणि खुणांची संस्था ह्यांची उद्दिष्टे वेगळी, असे त्यांचे म्हणणे. ते निदर्शने करीत राहिले, मंत्र्यांना भेटत राहिले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने स्वतंत्र संस्थेस मान्यता दिली. मिलानला १६४ जणांत एक कर्णबधिर होता. येथे निर्णय फिरविला तो कर्णबधिरांनीच. त्या संस्थेने २०१८ साली ३,००० शब्दांचा खुणांचा कोश काढला, २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खुणांच्या भाषेचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात ती देशभर प्रमाणित करावी असे म्हटले आहे. मिलानच्या ठरावांबद्दल ह्याच परिषदांच्या परंपरेतल्या व्हँकुव्हरच्या परिषदेने २०१० साली खेद व्यक्त केला, एकशे तीस वर्षांनी.

ह्याच सुमारास दुसऱ्या बाजूने एक नवे साधन आले. कानाच्या आतल्या शंखात विजेची तार बसवून थेट श्रवणतंतूला जागे करणारे यंत्र आता लहान मुलांना बसविले जाते. २०१४ नंतर केंद्र सरकारच्या योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यासाठी सुमारे ६ लाख रुपयांपर्यंतची मदत मिळू लागली. अनेक मुले ह्यामुळे ऐकतात, बोलतात, साध्या शाळेत जातात. ह्याचा आनंदच मानला पाहिजे. पण यंत्र बसले म्हणजे भाषा आली असे नव्हे. पुढे काही वर्षे शिकवणी लागते, बाहेरच्या भागाची तार तुटते, विजेऱ्या लागतात, आणि दुरुस्तीचा खर्च पुष्कळ घरांना पेलत नाही. यंत्र बंद पडलेले मूल त्या दिवसापुरते पुन्हा पूर्ण बहिरे असते. अशा घरांनाही, क्वचित आजही, तोच उपदेश मिळतो : खुणा करू नका. यंत्राचा पुरस्कार आम्हांस मान्य आहे. ह्या बंदीचे कारण मात्र आम्हांस कळलेले नाही.

एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याला वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली ती १८७५ साली, मिलानच्या पाच वर्षे आधी. तेव्हापासून महाराष्ट्र उन्हाळ्यात व्याख्याने ऐकतो आहे. आम्ही स्वतः जितक्या व्याख्यानांना गेलो तितक्यांत व्यासपीठावर खुणांचा दुभाषा एकदाही पाहिला नाही. आणि हे आमच्या लक्षात आले तेही त्या मुलीने विचारल्यावर. दूरदर्शनने १९८७ साली खुणांतून साप्ताहिक बातमीपत्र सुरू केले होते, एवढे तरी आपल्या मांडवांना जमण्यासारखे होते.

बँकेतले आमचे स्नेही त्या रविवारनंतरही खुणा शिकले नाहीत. आता ह्या वयात बोटे वळत नाहीत असे म्हणतात. मुलीने मात्र भाच्याला खुणा शिकविल्या. आणि तिची आई, आता साठीला टेकलेली, गेल्या वर्षापासून शनिवारी खुणांच्या वर्गाला जाते. गेल्या महिन्यात भेटल्या तेव्हा सांगत होत्या, 'हात फार सावकाश चालतात हो माझे, ती हसते मला.' पहिल्या आठवड्यात त्यांनी लेकीकडून एक खूण मागून घेतली होती. आजोबांच्या वेळी जी नव्हती ती.